न झालेल्या नियमाविरुद्ध बोरीचं निवेदन

परभणी,
बुधवार, १० डिसेंबर

आदरणीय सूर्यभानमामा,

आधी जयभीम, मग सुलामामींच्या डोळ्याची चौकशी, मग माझा गुन्हा, या क्रमानं पत्र लिहायचं ठरवलं आहे. मधेच क्रम मोडला तर मी घाबरले असं समजा आणि पुढचं वाचत राहा.

मामींच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला आता महिना होईल. थेंब वेळेवर टाकता ना? त्यांना चुलीपुढं बसू देऊ नका. (घरात गॅस असताना त्या भाकरी चुलीवरच करतात आणि मी फोन केला की ‘गॅसवरच करायले माय’ म्हणतात, हे मला माहीत आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? सहा तारखेसाठी मुंबईला जाऊन आलात, येताना बसायला जागा मिळाली, हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडं सगळं ठीक. अर्पिताची अकरावीची सहामाही झाली. पेपर सोपे गेले म्हणते, म्हणजे निकाल लागेपर्यंत आम्ही सुखात. धम्मानंदांना बँकेनं महिनाभर जिंतूरच्या शाखेत बसवलं आहे. ते रोज तुमच्या बोरीवरूनच जातात, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं आहे आणि आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्यासमोर वाचू नका. (वाचलंत तरी चालेल. मला घरी वेगळं सांगावं लागणार नाही.)

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ‘हां बोल, माय’ म्हणालात की माझ्या तोंडून गोड तेवढंच बाहेर पडतं, खरं पडत नाही. माझी गाण्याची परीक्षा होऊन दहा दिवस झाले. त्यात चार दिवस तुम्ही मुंबईला होतात, ती सबब मला आयती मिळाली. उरलेले सहा दिवस मी निव्वळ भ्याले. परवा मामींशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन महिने झाले, तबला खोळीत घालून खुंटीला टांगलाय. तिकडं बघत बी न्हाईत. विहारात कार्यक्रम व्हता तर पोरं बोलवायला आले, त्येंला म्हणले, मशीन आणा मशीन, मला कशाला बेजार करता.” हे ऐकल्यापासून मला घास गोड लागलेला नाही. मामा, तुमचा तबला परीक्षा मंडळानं खुंटीला टांगलेला नाही. तो मी टांगला आहे. मंडळानं तबल्याच्या साथीवर बंदी कधीच घातली नव्हती. तो नियम मी आमच्या ओट्यावर बसून, चहा पिता पिता, स्वतःच्या मनानं केला.

आता हे एवढं लिहून झाल्यावर वाटतं की पत्र इथंच संपवावं. पण कसं झालं ते सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल मी दुष्टपणानं केलं. दुष्टपणानं केलं नाही. बावळटपणानं केलं, आणि तो बावळटपणा बराच सविस्तर आहे.

दोन वर्षांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षी, मी किशनराव गुरुजींच्या गाण्याच्या क्लासात नाव घातलं तेव्हा सगळे हसले; तुम्ही हसला नाहीत. ‘रियाजाला तबला लागंल, मी येतो’ एवढंच म्हणालात. तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या एसटीनं तुम्ही परभणीला येत होतात. तबला पिशवीत आणि थंडीनं ओल धरू नये म्हणून गोधडीत गुंडाळलेला डग्गा मांडीवर. (त्या कंडक्टरनं ‘आजोबा, लेकराचं तोंड तर उघडं ठेवा’ म्हटलेलं तुम्ही दारातूनच सांगत आला होतात, ते मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं आहे.) मागच्या वर्षी पहिल्या परीक्षेला तुम्हीच साथीला बसलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी द्वितीय श्रेणीत पास झाले. गुणपत्रिका तुम्हाला दाखवली तेव्हा माझा अंगठा तिच्या खालच्या कोपऱ्यावर होता, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. तिथं परीक्षकांनी शेरा लिहिला होता : लयीवर नियंत्रण हवे.

हा शेरा कुणाचा? माझ्या गुणपत्रिकेवर माझ्या नावाखाली लिहिलेला शेरा माझाच असणार, असं कुणीही म्हणेल. मी तसं म्हटलं नाही. मी विचार केला की मामांनी तीस वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवली आहे. समोर हजार माणूस टाळ्या पिटायला लागला की तिथं लय चढतेच, चढायलाच पाहिजे. तीच सवय आता तबल्यात आली आहे. घरी रियाज करतानाही तसंच व्हायचं. राग दुर्गा आपण बैलगाडीच्या चालीनं सुरू करायचो आणि शेवटच्या ओळीला फाट्यावरून सुटणारी जीप पकडायला निघाल्यासारखे पोचायचो. अर्थात दोघं एकदमच पोचायचो, म्हणून मला त्यात माझं काही दिसलं नाही. हे पत्र लिहिण्याआधी मी मागची डायरी काढून पाहिली. ‘मामांची लय चढते. त्यांना सांगावं कसं?’ अशा नऊ नोंदी आहेत. ‘माझी लय चढते का?’ अशी एकही नाही. शेगडी बंद केली का या शंकेनं बसस्टँडवरून घरी परत येणारी बाई मी. ग्रंथालयात एखाद्या मुलाशी जरा चढ्या आवाजात बोलले तर दोन पानं खरडणारी. पण इथं माझ्या शंकेखोर स्वभावानं बरोबर सुट्टी घेतली होती.

मग अर्पितानं माझ्या फोनवर ते ॲप घातलं. त्यात तानपुराही आहे आणि तबलाही. ताल निवडायचा, मिनिटाला किती मात्रा ते ठरवायचं, की ते सुरू. मला चष्मा लावून गाता येत नाही आणि चष्म्याशिवाय फोन दिसत नाही, म्हणून अर्पिता फोन हातात घेऊन समोर बसायची. काय सांगू मामा, आम्ही दोघी एकमेकींत अशा बसलो (मी आणि मशीन), की पहिल्या दिवसापासून प्रत्येक सम बरोबर. सम म्हणजे ताल फिरून जिथं पहिल्या मात्रेवर येतो ती जागा. हे तुम्हाला नव्हे, धम्मानंदांनी पाकीट फोडलं तर त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी मोठ्या खुशीत डायरीत लिहिलं : ‘मशीनबरोबर एकदाही चुकत नाही. म्हणजे दोष कुणाचा ते सिद्ध झालं.’ त्या ‘सिद्ध झालं’खाली मी रेघसुद्धा ओढली आहे. पट्टी घेऊन.

ऑक्टोबरात या दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरला. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की साथीला तबलावादक किंवा विद्युत वाद्य, दोन्हींपैकी काहीही चालेल. मी ते तीनदा वाचलं. आणि त्या रविवारी तुम्ही ओट्यावर चहा घेताना ‘यंदा कंचे ताल हायेत?’ विचारलंत, तेव्हा म्हणाले, “मामा, यंदा मंडळानं तबलजी बंद केले. साथीला मशीनच पाहिजे म्हणतात.” तुमची लय चढते हे तोंडावर कसं सांगू, त्यापेक्षा दोष मंडळाच्या माथी गेलेला बरा, असा माझा हिशेब. मंडळ पुण्या-मुंबईकडं कुठंतरी आहे, त्याला काय वाईट वाटणार! तुम्ही कप खाली ठेवलात.

“समद्यायचे बंद?”

“सगळ्यांचेच.”

“मंग जे पोरं तबल्याच्याच परीक्षेला बसतेत, त्येंच्या जागी मशीनच बसंल काय परीक्षेला?”

 मी म्हणाले, “त्याचं अजून ठरायचंय.” मामा, खोटं बोलणाऱ्या माणसानं इतकं तरी तयारीनं बोलावं. तुम्ही तबला पिशवीत घातलात, डग्गा गुंडाळलात आणि नेहमीच्या आधीच्याच एसटीनं गेलात. मला वाटलं, दोन दिवस वाईट वाटेल, मग विसराल. तुम्ही कोण आहात हेच मी विसरले होते. बोरीच्या हातपंपासाठी, शाळेच्या पाचव्या खोलीसाठी आणि विहाराकडच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आजवर जी जी निवेदनं गेली, ती सगळी कुणाच्या अक्षरात होती? आणि त्यातलं एकतरी अर्धवट सोडलंत का तुम्ही?

परीक्षा तीस नोव्हेंबरच्या रविवारी, इथल्याच एका शाळेत होती. गेटवरच्या शिपायानं मला ‘पालकांनी बाहेर थांबा’ म्हणून अडवलं. प्रवेशपत्र दाखवलं तर फोटोकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. व्हरांड्यात बाकावर दोन वेण्यांच्या, अकरा-बारा वर्षांच्या मुली ओळीनं बसलेल्या. शेजारची एक बराच वेळ विचार करून म्हणाली, “काकू, तुम्ही नापास होऊ होऊ एवढ्या मोठ्या झाल्या का?” मी तिला माझा हा पहिलाच प्रयत्न असल्याचं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि एका तासात तिचाच अंदाज खरा ठरायची वेळ आली.

माझा नंबर पुढचाच होता आणि तेवढ्यात गेटातून आमचे सटवाजीअण्णा आले. तुमच्या पार्टीचे कोरसवाले, हातात फाईल, तेल लावून बसवलेले केस. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, जणू आमची ओळख या वेळी उघड करणं बरं नव्हे. ते सरळ परीक्षेच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “जयभीम म्याडम. बोरीहून आलाव. निवेदन हाय.” परीक्षक मॅडम बाहेरगावच्या, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, त्या दचकून म्हणाल्या, “ठेवा इथं.” अण्णा म्हणाले, “ठिवायचं न्हाई. वाचायचं हाय.” आणि माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. भूप आळवणारी एक मुलगी समोर बसली होती, ती आपोआप थांबली. व्हरांडा थांबला. शिपाई आत आला.

मामा, निवेदन उत्तम होतं हे मला कबूल केलंच पाहिजे. त्रेसष्ट सह्या, अकरा अंगठे. मागणी एक, साथीसाठी मशीनची सक्ती तात्काळ मागे घ्यावी. मागणी दोन, जिवंत कलावंताची जागा जिवंत कलावंतालाच द्यावी. मागणी तीन, बोरी फाट्यावर जलद एसटीला थांबा देण्यात यावा. (ही मागणी फाट्यावर रोज एसटीची वाट बघणाऱ्या सितारामभाऊंनी ‘निवेदन जायलंच हाय तर’ म्हणून घातली असणार.) पण सुरुवातीलाच एक वाक्य होतं, ते ऐकताना मी प्रवेशपत्र तोंडापुढं धरलं : ‘आमची भाची रोहिणी, शिक्षण बी.ए., बी.लिब., हिने आम्हांस अधिकृतरीत्या कळविल्याप्रमाणे.’

मॅडम म्हणाल्या, “अहो, असा नियमच नाही.”

अण्णा म्हणाले, “जी. पोच द्या.”

“दोन्ही चालतं हो. तबलापण चालतो, मशीनपण चालतं.”

“तारीख बी टाका.”

सटवाजीअण्णांना कमी ऐकू येतं हे मॅडमना कुठून माहीत असणार? (तुमच्या ढोलकीशेजारी बावीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार?) मॅडम ‘नाही, नाही’ अशी मान हलवत राहिल्या आणि शेवटी थकून त्यांनी दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ लिहून सही केली, तारीख टाकली. अण्णांनी ती प्रत फाईलला लावली आणि जाताना माझ्यापाशी वाकून, आख्ख्या शाळेला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, “बाई, काम फत्ते. म्याडम लय समजदार हायेत.” मला त्याच क्षणी उठून खरं सांगता आलं असतं. मी उठले, तेवढ्यात माझं नाव पुकारलं, आणि ‘आधी परीक्षा, मग इमान’ असा विचार मनात आला. तो आलाच, हे इथं नोंदवून ठेवते.

मी आत जाऊन बसले. मॅडमनी प्रवेशपत्रावरचं नाव वाचलं, मग निवेदन उचलून त्यातलं नाव वाचलं, आणि म्हणाल्या, “अधिकृत रोहिणी त्या तुम्हीच का?” मी हो म्हटलं.  साथ कोण करणार म्हटल्यावर मी फोन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. अर्पिताला आत येऊ देत नव्हते, म्हणून चष्मा लावून मीच तो सुरू केला, चष्मा काढला आणि दुर्गा धरला. पहिली ओळ छान गेली. दुसरीला मी समेवर हात टाकला तर मशीन अजून मागं होतं. मी थांबले. थांबून कंटाळून पुढं निघाले, तर आता सम आली. त्यानंतर आमची गाठच पडेना. मला वाटलं मशीन बिघडलं, बॅटरी उतरली की हे रेंगाळत असेल. अंतऱ्याला आले तेव्हा माझ्या आणि तबल्याच्या मधे दोन-चार माणसं सहज बसली असती. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या, त्यांनी एक डोळा उघडला. आणि नेमका तेव्हाच तबला एकदम बंद पडून फोन वाजायला लागला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत : सूर्यभानमामा बोरी.

निवेदन पोचलं का हे विचारायला तुम्ही केलेला तो फोन. मी तो कट केला. संध्याकाळी तुम्हाला ‘रेंज गेली होती’ म्हणाले, ते खोटं होतं. रेंज भरपूर होती.

मॅडम म्हणाल्या, “मशीन राहू द्या, मी टाळी देते.” त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, मी गायले, आणि तेच झालं. टेबल काही बिघडत नाही, बॅटरीही नसते त्याला. त्या म्हणाल्या, “तुम्ही पळता. मागच्या वर्षी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?” मामा, आता जे लिहिते ते लिहिण्यासाठीच हे सगळं पत्र आहे. मी म्हणाले, “मागच्या वर्षी साथीला मामा होते. ते जरा पळायचे, त्यामुळं मला तशी सवय लागली.” पळत मी होते आणि पायात चप्पल तुमची घातली.

बाहेर आले. अर्पिता व्हरांड्यात उभी होती. मी तिला म्हणाले, “तुझं मशीन बघ, मधेच संथ होतंय.” तिनं फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, “आई, ते संथ होत नाही. घरी मी वाढवत होते.” काय वाढवत होतीस, तर म्हणे, तू पुढं निघालीस की मी हळूच मात्रा वाढवायचे, पाच-पाचनी, नाहीतर तू मधेच थांबून चिडायचीस. कधीपासून, तर म्हणे, पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, “हे तुला कुणी शिकवलं?” ती म्हणाली, “कुणी शिकवायला कशाला पाहिजे? बोरीचे आजोबा तेच करायचे की. तू पळालीस की ते पळायचे. आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचे.”

दोन वर्षं, मामा! दोन वर्षं तुम्ही माझ्यामागं पळत होतात आणि एका शब्दानं बोलला नाहीत. आणि मी तुमच्यावर नऊ नोंदी केल्या. पट्टीनं रेघ ओढली. अर्पिताला मी विचारलं, मग तू तरी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “आजोबा म्हणाले होते, तुझी माय लय मन लावून गायलीय, मधी बोलू नको.” मी तिथंच शिपायाच्या स्टुलावर बसले. शिपायानं पाणी आणून दिलं आणि ‘पुढच्या वेळी व्हाल पास, म्याडम’ म्हणाला.

पाणी पिऊन मी उठले आणि परत आत गेले. आत ती दोन वेण्यांची मुलगी गात होती. मी दारातूनच म्हणाले, “मॅडम, मघाशी मी खोटं बोलले. मामा पळत नव्हते, मी पळत होते. ते मला सांभाळत होते. आणि तो नियमही मीच केला, निवेदनात ज्याच्याविरुद्ध त्रेसष्ट सह्या आहेत तो.” मॅडमनी त्या मुलीला थांबायची खूण केली आणि त्या हसायला लागल्या. चांगल्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, “साथ करणारा चांगला असला की गाणाऱ्याला आपली चूक कधी कळतच नाही. तुमचे मामा जरा जास्तच चांगले आहेत.” ती मुलगी माझ्याकडं बघत होती. मी बाहेर निघताना तिनं मॅडमना विचारलेलं मला ऐकू आलं : “काकू नापास झाल्या का?” मॅडमनी काय उत्तर दिलं ते मी ऐकलं, पण इथं लिहीत नाही. हे कबुलीचं पत्र आहे, आणि कबुली देता देता काही मागितलं की ती कबुली राहत नाही, असं मला वाटतं.

तर मामा, तुमची लय कधी चढली नव्हती. तबला खुंटीवरून काढा. विहारातली पोरं परत आली तर त्यांना हो म्हणा. माझ्यावर राग धरायचा तर धरा, तो मला सोसेल. पण तो तबल्यावर काढू नका. त्यानं काही केलेलं नाही. मामींना माझा जयभीम सांगा, आणि चुलीचं मी लिहिलंय हे त्यांना सांगू नका.

तुमची भाची
रोहिणी

ता. क. : पत्र संपल्यावर परत वाचलं. मॅडम काय म्हणाल्या ते न सांगणं हीसुद्धा लपवाछपवीच झाली, म्हणून सांगते. त्या मुलीला त्या म्हणाल्या, “नापास नाही, अपूर्ण.” साथ मधेच तुटली म्हणून त्यांनी माझ्या नावापुढं तसं लिहिलं आहे. येत्या रविवारी, चौदा तारखेला, त्या सेलूच्या केंद्रावर आहेत. तिथं सकाळी साडेदहाला मी तबल्याच्या साथीनं परत गायचं आहे. ‘मशीन नको, त्या मामांनाच आणा, मला त्यांना बघायचंय,’ असं त्यांनी मला परत बोलावून बजावलं. त्यांनी आठवडा आधीचा रविवारही देऊ केला होता, पण तुम्ही तेव्हा मुंबईहून परतीच्या गाडीत असणार म्हणून मी नको म्हणाले. (म्हणजे तुम्ही याल, हे मी तीस नोव्हेंबरलाच गृहीत धरलं होतं. आणि वर तोंड करून ‘कबुलीत काही मागू नये’ लिहिलं. तो परिच्छेद खोडावा असं वाटलं, पण अक्षर बरं आलं आहे.) धम्मानंद रविवारी सात वाजता कार घेऊन फाट्यावर येतील, डग्ग्याला मांडीवर घ्यावं लागणार नाही. येता की नाही ते आज संध्याकाळी त्यांच्याकडं सांगून पाठवा. नाही म्हणालात तर मी मशीन घेऊन जाणार नाही. घरीच बसेन.

ता. क. २ : मामी म्हणाल्या की निवेदनाची पोच विहारात काच लावून भिंतीला टांगली आहे, आणि ‘सूर्यभाननं मंडळाला वाकवलं’ असं सगळं गाव म्हणतंय. रविवारी तुम्ही तबला घेऊन निघालात की गावाची खात्रीच पटेल. गावाला खरं सांगायचं की नाही, हे मी तुमच्यावर सोपवते. कुणी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर मुद्दाम सांगत हिंडणार नाही. हे खोटं बोलण्यातच धरावं का, यावर काल डायरीत पावणेदोन पानं झाली, निकाल लागला नाही. सितारामभाऊंना मात्र एवढं सांगा की एसटीच्या थांब्याबाबत मॅडमनी असमर्थता दाखवली.

ता. क. ३ : आणि आलात, तर एक करा. मी अंतऱ्याला परत पळणार. दहा दिवस टेबलावर बोटं आपटून पाहतेय, सवय जात नाही. या वेळी माझ्यामागं येऊ नका. तुम्ही जिथं असाल तिथंच, ठेका धरून बसून राहा. माझ्याकडं बघून हसलात तरी चालेल. मी येईन परत.